घाटावरचा अर्धा प्रवेश

घोडा

एलिझाबेथ तळ्याच्या काठी सकाळी चिनी आजी-आजोबांचा मोठा घोळका जमतो. कुणी लाल पंखे फडकवतं, कुणी लाकडी तलवार फिरवतं, कुणी नुसतेच हात पसरून झाडासारखं उभं राहतं. शरयू रोज त्यांच्या बाजूने भराभर चालत जायची. कानात नाट्यगीत, पायात नातीने आणून दिलेले बूट. एका सकाळी तिला घोळक्यापासून लांब एक बाई दिसली. निलगिरीच्या झाडाभोवती चकरा मारत होती. पण चालताना तिचं डोकं जरासुद्धा हलत नव्हतं. जणू बाई जागच्या जागी आहे आणि झाडच तिच्याभोवती फिरतंय. हातात एक वाळकी काडी.

असं काही दिसल्यावर शरयू गप्प पुढे जाईल? शक्यच नाही. तिने कानातलं काढलं.

"व्यायाम?"

"नाही," बाई न थांबता म्हणाली. "घोडा."

"घोडा?"

"मी घोड्यावर आहे. बाजूला हो."

शरयू मुकाट बाजूला झाली. हे तिच्या घरी कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं.

नवरा

त्या लौ त्साय-फंग. शरयूपेक्षा थोड्या मोठ्या, म्हणून शरयूने त्यांना लौताई करून टाकलं. चीनमधल्या शेंगचौ नावाच्या गावाकडच्या. तिथल्या संगीत नाटकात सगळ्या भूमिका बायकाच करतात; लौताई तरुण नायक व्हायच्या. लेक मीन इथे, फ्रीमाँटला नोकरीला, तिच्या मुलांना सांभाळायला म्हणून आल्या त्या इथल्याच झाल्या. त्यांचं इंग्रजी मोजकं आणि शरयूचं भरपूर. थोड्याच दिवसांत शरयूही मोजकंच बोलायला शिकली आणि दोघींचं जमून गेलं.

"मी नवरा," लौताई सांगायच्या. "खूप वर्षं नवरा. विद्यार्थी, राजपुत्र, कवी. सगळे नवरे."

"आमच्याकडे उलटं होतं," शरयू म्हणाली. "पुरुषच बायका व्हायचे. नऊवारी नेसून, दागिने घालून गायचे."

"चांगले दिसायचे?"

"म्हणतात की खऱ्या बायका त्यांचं बघून नेसायला शिकायच्या."

लौताईंनी विचार केला. "मग बरोबर," त्या म्हणाल्या. "माझं बघून गावातले नवरे काही शिकले नाहीत."

आणि शरयू बाकावर बसून इतकी हसली की तळ्यातली बदकं उडाली.

बायको

नवरा होता म्हणजे बायकोही होती. तिचं नाव आ-युन. स्टेजवर कायम हीच जोडी. लौताई घोड्यावर यायच्या, आ-युन खिडकीत वाट बघायची. लौताई परीक्षेला राजधानीत जायच्या, आ-युन रुमालावर भरतकाम करायची. गावोगावच्या बायका दोघींचे फोटो घेऊन जायच्या, नवीन लग्न झालेल्यांच्या खोलीत लावायला.

गेल्या हिवाळ्यात आ-युन वारली. शेंगचौलाच.

लौताईंना जाता आलं नाही. नेमकं त्याच सुमाराला त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालेलं होतं आणि डॉक्टरांनी डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला होता. तो विरेपर्यंत विमानात बसायची बंदी. बुडबुडा विरला तोवर तिकडचं सगळं आटोपलं होतं.

"मी पोचले नाही," लौताई म्हणाल्या. एवढंच. आणि काडी उचलून पुन्हा झाडाभोवती.

प्रवेश

आता हा प्रवेश नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

एक तरुण राजधानीतली परीक्षा उत्तीर्ण होऊन निघाला आहे. नदीच्या घाटावर त्याची वाग्दत्त वधू त्याची वाट बघते आहे. पहिला अर्धा भाग वाटेचा. वसंत ऋतू, घोडा, नवे कपडे. पठ्ठ्या स्वतःवरच खूश आहे. पाणी दिसलं की वाकून टोपी सारखी करतो, तिला भेटल्यावर काय बोलायचं त्याची तालीम करतो, स्वतःच लाजतो. वाटेत मित्र भेटतात, थांबतो. फुलं दिसतात, थांबतो. लोक हसतात.

मग घाट येतो.

घाटावर कुणी नाही. नाव मध्यावर गेली आहे. मुलगा येत नाही म्हणून तिच्या माणसांनी तिला दुसरीकडे द्यायचं ठरवलं. ती रंगमंचावर दिसतच नाही. फक्त आतून, नदीच्या मध्यातून, तिची एक ओळ ऐकू येते. दिवसभर मी किनाऱ्याकडे बघत होते. आता नावेला वळता येत नाही.

त्या ओळीनंतर नायक एकही शब्द गात नाही. त्याच्या अंगरख्याच्या बाह्यांना पांढऱ्या रेशमाच्या लांबच लांब पट्ट्या असतात. त्या तो नावेच्या दिशेने फेकतो. त्या पोचत नाहीत. त्या फेकण्यात काही नाही, लौताई म्हणायच्या, फेकता कुणालाही येतं. त्या खाली कशा पडतात त्यात सगळं आहे.

"हा मला करायचा आहे," त्यांनी एका सकाळी सांगितलं. "एकदा. पूर्ण. चेहऱ्यासकट, बुटांसकट. मी शेंगचौला नाही गेले. हे करते." मग शरयूकडे बघून, "आणि आ-युनची ओळ तू म्हणायची. तू गातेस."

शरयूने डोळे पुसले आणि त्याच श्वासात म्हणाली, "आमच्या गणपतीत करू या. स्टेज आहे, लाइट्स आहेत, माणसं आहेत." मराठी मंडळाचे कार्यक्रम म्हणजे शरयू. तिच्या शब्दावर तिथे पडदा वर जायचा आणि खाली यायचा.

मीनला हे पसंत नव्हतं. पण ती आईला ओळखून होती. "फक्त एकदाच," ती म्हणाली. "डॉक्टरांना मी सांगणार नाहीये, आंटी. म्हणून एकदाच."

डॉक्टरांना न सांगण्यासारखं काय होतं त्यात? पट्टी.

पट्टी

या नायकांचा चेहरा नुसत्या रंगाने होत नाही. कपाळावर एक पट्टी बांधतात, दोन्ही भुवया वर ओढून धरतात, आणि वरून ओलं जाळीदार कापड गुंडाळून सगळं आवळतात. भुवया वर गेल्या की डोळे लांब होतात, उभे राहतात, गाल वर चढतात. म्हातारीचा वीस वर्षांचा मुलगा होतो. शरयूने हे एकदा मीनच्या स्वयंपाकघरात बघितलं आणि तिला धडकीच भरली. लौताई बसल्या होत्या त्या खुर्चीतून कुणी दुसराच उठून उभा राहिला होता, देखणा आणि जरासा गर्विष्ठ.

पण ओलं कापड वाळत जातं तसं आणखी आवळतं. डोकं ठणकायला लागतं, मळमळतं, डोळ्यांपुढे काजवे येतात. म्हणून पट्टी अगदी शेवटी बांधायची, लगेच स्टेजवर जायचं आणि आल्याबरोबर सोडायची. बांधल्यावर बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही, बोलायचं नाही.

"का बोलायचं नाही?" शरयूने विचारलं.

"तोंड कुणाचं?" लौताई म्हणाल्या. "आता तोंड त्याचं."

ओळ

उन्हाळाभर शरयू ती एक ओळ शिकली. शेंगचौच्या बोलीतली, मीनच्या मुलांनासुद्धा कळायची नाही. पहिल्यांदा म्हटली तेव्हा शेवटच्या स्वरावर तिने सवयीने एक छोटीशी तान घेतली. लौताईंनी तिच्या मनगटावर चापटी मारली.

"नाही. दागिने नाही."

"सवय आहे हो."

"दिवसभर उभी आहे ती. दमली आहे. दमलेली बाई दागिने घालत नाही."

शरयूने तान काढून टाकली. आयुष्यभर ज्या जागेवर तिला वाहवा मिळत आली होती ती जागा तिने सपाट केली. एका सकाळी ओळ संपल्यावर लौताई नुसत्या तळ्याकडे बघत राहिल्या, आणि शरयूला कळलं की ओळ आली.

माइक

गणेशोत्सवाचा शनिवार. एका हायस्कूलचं भाड्याने घेतलेलं सभागृह. पत्रिकेत कार्यक्रम तीनला सुरू होणार होता, आणि मंडळातल्या लहान पोरालाही माहीत होतं की तीन म्हणजे चार. हे कुणी कुणाला सांगत नाही. हवेसारखं असतं ते.

लौताईंना कुणी सांगितलं नाही.

शरयूने त्यांना "साडेतीन" म्हटलं होतं. तिच्या स्वतःच्या मनात ते साडेचारच होतं, पण ते बोलायचं राहून गेलं, कारण बोलायचं असतं हेच तिला कधी ठाऊक नव्हतं. सव्वातीनला मीनने आईची पट्टी आवळली. त्या वेळी स्टेजवर अजून सतरंजी अंथरत होते.

"नमस्कार मंडळी! चेक, चेक. पांढऱ्या रंगाची टेस्ला, पार्किंगमध्ये रस्ता अडवून उभी आहे, प्लीज..."

विंगेच्या मागच्या बोळात निळ्या रेशमी अंगरख्यातला तरुण उभा होता. भिंतीला टेकला नव्हता. शरयू धावत आली. "लौताई, अहो इतक्यात बांधलीत? जरा उशीर आहे. पाच मिनिटं."

तरुणाने मान किंचित झुकवली.

"सर्वप्रथम आपल्या बालगोपाळांचं अथर्वशीर्ष. पालकांनी कृपया मध्ये उभं राहून शूटिंग करू नये. काका, तुम्हालाच म्हणतोय."

माइकवरचा तो नकुल. मंडळाचा सेक्रेटरी, नागपूरचा, गोड बोलणारा आणि कायम घामाघूम. बालगोपाळांचं झालं, लेझीम झालं. मग तो विंगेत शरयूकडे आला.

"मावशी, लोचा झालाय. चीफ गेस्ट फ्रीवेवर अडकलेत. आता गॅप आहे. लौ मावशींना आत्ता घेऊन टाकू का? रेडी आहेत ना त्या?"

शरयूने पडद्याच्या फटीतून बघितलं. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. बाहेर वड्यांचा घाणा सुरू झाला होता आणि सगळा महाराष्ट्र लॉबीत रांगेत उभा होता. पुढच्या रांगेत दोन आजोबा आणि झोपलेलं बाळ.

एवढी तयारी केली ती यांच्यासमोर?

इथे. हीच ती जागा. शरयू पुढे कितीदा तरी मनाने इथे परत आली. त्या फटीपाशी उभी राहिली, त्या दोन आजोबांकडे बघितलं. काय वाईट होते ते आजोबा? शांत बसले होते. ऐकणारे होते. लौताईंनी कधी म्हटलं होतं की हॉल भरलेला पाहिजे? हॉल भरलेला शरयूला हवा होता. चीफ गेस्टनी बघावं, बायकांनी विचारावं, शरयू, कुठून शोधलंस गं हे! प्रेमापोटीच हवं होतं ते, पण त्या प्रेमात थोडी मिरवायची हौसही होती.

"नको," ती म्हणाली. "वडे संपू देत. लोक आत येऊ देत."

"शुअर?"

"अरे, मी म्हणते ना."

मग ती बोळात गेली. तरुणाचा चेहरा तसाच देखणा, पण कपाळावरचं कापड आता वाळून कडक झालं होतं. त्याने दोन बोटं पट्टीला लावली आणि शरयूकडे बघितलं. सोडू?

मीन म्हणाली, "आंटी, मी सोडू शकते. पण मग मेकअप सगळा जाईल, परत बांधायला वेळ लागेल. मला खरं सांगा, किती वेळ आहे?"

आणि शरयूने सांगितलं. लग्नात, कार्यात, नाटकाला, मुंजीला, जन्मभर जे सांगितलं आणि ऐकलं तेच सांगितलं.

"पाच मिनिटं गं. झालंच."

या उत्तराचा घड्याळाशी काही संबंध नसतो, हे मीनला कुठून माहीत असणार? तिने पट्टी सोडली नाही.

"आणि ज्यांची आपण आतुरतेने वाट बघत होतो ते आपले प्रमुख पाहुणे..."

शाल. श्रीफळ. पाहुण्यांचा परिचय. पाहुण्यांच्या पत्नीचा परिचय. पाहुण्यांचं भाषण, "मी जास्त वेळ घेणार नाही" पासून सुरू झालेलं.

"आपल्या सिल्व्हर स्पॉन्सर्सना मी स्टेजवर यायची विनंती करतो. गोल्ड स्पॉन्सर्स, तुम्ही थांबा, तुमचं नंतर."

बोळात लौताई उभ्याच होत्या. एक हात भिंतीवर आला होता. शरयूने ते बघितलं. बघितलं, आणि मनात म्हणाली, आता एवढी वाट बघितलीच आहे तर.

स्टेज

हॉल गच्च भरला होता. शरयूला हवा होता तसा.

रेकॉर्डवर लाकडी चिपळ्यांसारखी टाळी वाजली, दोन तारांचं चिनी सारंगीसारखं वाद्य सुरू झालं, आणि तरुण घोड्यावरून आला. गोंड्यांची छडी उजव्या हातात. घोडा म्हणजे ती छडीच. रंगमंचावर दुसरं काही नव्हतं, आणि तरी पुढच्या रांगेतल्या मुलांनी घोड्याला वाट द्यावी तसे पाय मागे घेतले. डोकं हलत नव्हतं. सभागृहच त्याच्याभोवती फिरत होतं.

तो पाण्यावर वाकला, टोपी सारखी केली. हशा पिकला. त्याने तालीम केली, लाजला. परत हशा. कुणीतरी शिट्टी वाजवली. "काय ग्रेस आहे यार," कुणीतरी म्हणालं. शरयूने विंगेतून बघितलं तर प्रमुख पाहुण्यांनी फोन काढून शूटिंग सुरू केलं होतं. तिची छाती भरून आली. हे खोटं कशाला बोला? भरून आली.

तरुण घोड्यावरून उतरला. घाट आला.

आता त्याने नजर उचलून नदीकडे बघायचं. सारंगी एकटी राहते, तिचा स्वर खाली उतरतो, आणि मग आतून ओळ.

त्याने नजर उचलली. आणि गुलाबी रंगाखालचा सगळा चेहरा पांढरा होत गेलेला शरयूला दिसला. एक बूट जरा सरकला.

प्रेक्षकांना दिसलं ते असं: तरुण हलकेच वळला, एक पांढरी बाही जमिनीवर पंख्यासारखी पसरली, आणि तो तिच्या मध्यभागी खाली बसला. छडी मांडीवर आडवी, हनुवटी वर, ओठांवर हसू. चित्रासारखा.

उन्हाळाभरात तो त्या जागी एकदाही बसला नव्हता.

स्टेजवर कोसळायचं नाही, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की कोसळणंसुद्धा देखणं झालं. प्रेक्षक उठून उभे राहिले. टाळ्या, शिट्ट्या. सारंगी अजून वाजत होती. स्वर उतरला. शरयूची जागा आली. तिने श्वास घेतलेला होता. छाती भरलेली, ओठ उघडलेले, ओळ जिभेवर. लौताई खाली बसल्या बसल्या विंगेकडे बघत होत्या.

गायली असती तर? टाळ्यांत कुणाला ऐकू गेली असती? एकीला गेली असती.

शरयू गायली नाही. आता कसं गायचं, लोकांना वाटतंय संपलं, मध्येच कसं, या विचारात तो एक श्वास निघून गेला. तेवढ्यात नकुलने रेकॉर्ड बंद केली आणि माइक घेतला.

"जोरदार टाळ्या! लौ मावशी, सुपर्ब! चायनीज कॉमेडी पहिल्यांदाच आपल्या मंचावर!"

जे झालं नाही ते

ओळ येते. तरुण हलत नाही. छडी हातातून पडते. मग उजवी बाही जाते, पूर्ण लांब, पाण्यावरून. ती पोचत नाही. तिला माघारी घ्यायची नसते. ती आपोआप खाली येते, उशिरा, जणू हवेलाच ती सोडवत नाही. मग डावी. मग दोन्ही. चौथ्यांदा तो हात उचलतो आणि फेकत नाही. उचललेला हात तसाच ठेवून मागे मागे जात तो विंगेत नाहीसा होतो, पाठ न दाखवता, डोकं न हलवता. मंच रिकामा. सारंगी थांबते.

एवढंच. तळ्याकाठी, सुती कुर्त्यात, बाह्यांना बेडशीटच्या पट्ट्या बांधून लौताईंनी हे केलं होतं. शरयू, मीनची मुलं आणि एक कुत्रा, इतक्यांनीच बघितलं होतं. कुत्रा भुंकला नव्हता.

बोळ

मीनने पट्टी कापली, सोडत बसली नाही. कपाळावर जांभळा वळ होता, कडेकडेने जाळीची नक्षी. लौताईंना बादलीत दोनदा उलटी झाली.  बादली उचलताना मीन शरयूला फक्त "प्लीज, सरका" म्हणाली.

लौताईंनी भिंतीला डोकं टेकलं. भुवया खाली आल्या होत्या, डोळे पुन्हा लहान, पुन्हा ओळखीचे.

"लोकांना आवडलं?"

"खूप," शरयू म्हणाली.

"चांगलं."

"लौताई, मी..."

"पाणी दे," लौताई म्हणाल्या. बाहेर गोल्ड स्पॉन्सर्सची नावं सुरू झाली होती.

पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगावंच लागलं. डोळा वाचला. पट्टी मात्र बंद. हलकी नाही, थोडा वेळ नाही, कधीच नाही.

फोन

"मावशी, मंडळाच्या ग्रुपवर त्या व्हिडिओला लाइक्सच लाइक्स आहेत. दिवाळीला परत ठेवू ना?"

"नकुल, तो अर्धाच होता."

"म्हणजे?"

"पुढे आहे अजून. ती कॉमेडी नाही."

"अच्छा? पण मावशी, आहे तेवढं मस्त आहे ना. शॉर्ट अँड स्वीट. आणि या वेळी पहिला आयटम त्यांचाच, प्रॉमिस. वडे नंतर."

"त्यांना पट्टी बांधता येणार नाही आता."

"मग नका बांधू. कोणाला कळतंय?"

शरयूने फोन ठेवला. तो पोरगा वाईट बोलला नव्हता. कुणालाच कळणार नव्हतं.

पुन्हा तळं

लौताई नकार देतील अशी शरयूला आशा होती. निदान रागावतील. ती मनाशी बोलून आली होती: पट्टीशिवाय करू, पूर्ण करू, हॉल नको, इथेच करू, मीनला बोलावू, मी आधीपासून उभी राहीन, तुम्ही म्हणाल तेव्हा म्हणीन. लौताईंनी सगळं ऐकून घेतलं. बदकांना पाव टाकू नका अशी पाटी होती तिच्यापाशी बसून त्या पाव टाकत होत्या.

"पट्टीशिवाय दुसरा अर्धा होत नाही," त्या म्हणाल्या.

"का? तळ्याकाठी केला होता तुम्ही. पट्टी नव्हती."

"ती तालीम. तालमीत पुढे खरं असतं, म्हणून होतं." त्यांनी स्वतःच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. "हा चेहरा घाटावर उशिरा पोचला तर कोणी रडत नाही. म्हणतात, म्हातारी आहे, वेळ लागला."



"पहिला अर्धा चालेल," लौताई म्हणाल्या. "टोपी घालते. मुलं हसतात. मीनच्या मुलांना पण आवडला. दिवाळीला करू."

"आणि आ-युनची ओळ?"

लौताईंनी हाताला लागलेला चुरा झटकला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तोच शरयू शोधत होती आणि तोच सापडला नाही.

"ती त्या दिवशी होती," त्या म्हणाल्या.

दिवाळी

पहिला आयटम. हॉल भरलेला. नकुलने शब्द पाळला.

सैलसर टोपी, गालांवर थोडी लाली, आणि टोपीखाली एका आजीचे प्रेमळ, दमलेले डोळे. घोडा आला. पुढच्या रांगेतल्या मुलांनी पाय मागे घेतले नाहीत; त्यांना आता माहीत होतं, ही लौ आजी आहे, गंमत करते. टोपी सारखी केली, हशा. लाजली, हशा. शरयू विंगेत उभी होती. तिथे तिचं काहीच काम नव्हतं.

घोड्यावरून उतरून लौताई घाटावर आल्या. त्यांनी नजर उचलली. आणि मग हलकेच वळल्या, पांढरी बाही पंख्यासारखी पसरली, आणि तिच्या मध्यभागी बसल्या. छडी मांडीवर आडवी. हनुवटी वर. हसू.

कुठेही तोल गेला नव्हता. रेकॉर्ड तिथेच संपत होती. मीनने ती तिथपर्यंतच कापून दिली होती. त्या दिवशी जे अंगाने केलं होतं ते लौताईंनी आता बसवलं होतं, तालीम करून, पायांचं मोजमाप घेऊन. प्रवेशाचा शेवट म्हणून.

"वन्स मोअर!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळा हॉल ओरडायला लागला. नकुल शरयूकडे बघून हात हलवत होता, घेऊ? घेऊ?

लौताई उठल्या, गुडघा जरा चोळला, आणि आनंदाने पुन्हा मंचाच्या कडेला गेल्या. पुन्हा घोडा. पुन्हा फुलं. शरयूला वाटलं, पडदा पाडावा. दोरी तिच्या हाताशीच होती. पण पाडून सांगणार काय, आणि कुणाला? त्या बाईला हसणारी मुलं आवडत होती. त्यात तिच्या नातवंडांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

ती तशीच उभी राहिली. लौताई घाटावर आल्या, वळल्या, बसल्या, मागच्या वेळेपेक्षाही सफाईने. मग बाही गोळा करून विंगेत आल्या, टोपी काढून शरयूच्या हातात दिली आणि नातवंडांना शोधायला लॉबीकडे गेल्या.

"मावशी, सरका जरा," भांगडा करणारी पोरं मागून म्हणाली, आणि शरयू टोपी घेऊन बाजूला झाली.